पेकटीण

कारखाना म्हणायचा, पण होता तो पत्र्याच्या तीन शेडांचा संसार. परभणीच्या बाहेर, पिंगळीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, आबासाहेबांनी त्र्याऐंशी साली तो काढला. मोसंबीचा रस काढायचा आणि बाटल्या भरायच्या, एवढंच काम. आमचे हे विद्यापीठात फळप्रक्रिया शिकलेले. त्यांना केमिस्ट म्हणून घेतलं आणि कुंपणाला लागून दोन खोल्या राहायला दिल्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी सालींच्या शेडसमोर उघडायची. त्या खिडकीतून मी केवळाबाईला सात-आठ वर्षं पाहिलं.

मोसंबीचा रस काढला की निम्म्याहून जास्त माल मागंच राहतो. साली, चोथा, बिया. पहिल्या हंगामात हे सगळं ट्रॉलीत भरून ओढ्याकाठी टाकून देत. दोन दिवसांत ते आंबायचं, माश्या घोंगावायच्या आणि शेजारचे शेतकरी भांडायला यायचे. केवळाबाई त्या ढिगावरच ह्यांना पहिल्यांदा दिसली. दोन शेळ्या सोबत, पदराच्या ओच्यात साली भरत होती. चाळिशी ओलांडलेली, उंच, चालताना डाव्या गुडघ्यात लचकणारी.

"बाई, हे कशाला नेता?" ह्यांनी विचारलं.

"शेळ्यायला. काहून? हे बी इकायलाव का तुमी?"

ह्यांना तिचा तो प्रश्न लागला असावा. पुढच्या हंगामात साली ओढ्याला गेल्याच नाहीत. ह्यांनी कामावरच्या दहा बायकांना शेडमध्ये बसवलं, मोसंबीची एक फोड हातात धरली आणि शिकवणीच घेतली. वरच्या पिवळ्या सालीत तेल असतं, ते वाफेवर काढता येतं, साबणाला आणि औषधांना जातं. आतला पांढरा, कापसासारखा भाग आहे ना, त्यात पेक्टिन असतं. जॅम आणि जेली घट्ट होते ती त्यानं. लोक ते परदेशातून मागवतात आणि आपण ओढ्यात फेकतो.

केवळाबाई नुकतीच कामाला लागली होती, सगळ्यांत मागं बसली होती. ती म्हणाली, "ही पेकटीण कोण्या गावची, साहेब?"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. बरोबरच होतं तिचं. पाटलाची पाटलीण, माळ्याची माळीण, तशी कोणा पेकटाची पेकटीण. बायनाबाई तोंडाची फटकळ, ती लगेच म्हणाली, "हीच की पेकटीण! का गं, तुझा पेकट कुठं गेला?"

"गेला वर. मला साली सोलायला ठिवून गेला."

पुन्हा हशा झाला. तीही हसली. तिचा नवरा रायभान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून ती पेकटीण झाली. पेकटीण आली का, पेकटीणबाईला बोलवा, पेकटीणमावशी, चहा घ्या. हजेरीपटावर तेवढं 'केवळाबाई रायभान' असं नाव होतं. पण तो पट ऑफिसच्या कपाटात असायचा.

ह्यांचे पहिले तीन घाणे फसले. पांढरा भाग बारीक चिरायचा, गरम पाण्यातून काढून त्याचा कडवटपणा घालवायचा, मग लिंबाच्या फुलासारखी आंबट पूड टाकलेल्या पाण्यात तासभर शिजवायचा. कपड्यातून गाळलं की दाटसर, किंचित पिवळं पाणी मिळतं. त्यात स्पिरिट ओतलं की पेक्टिन वेगळं होऊन त्याचा गोळा होतो. तो पिळायचा, वाळवायचा, दळायचा. पारखायची रीत सोपी होती. काचेच्या पेल्यात चमचाभर ते पाणी आणि त्यावर स्पिरिट. तारेच्या आकड्यानं सगळा गोळा अखंड उचलला गेला तर माल उत्तम. ह्यांच्या पेल्यात नुसते धागे तरंगायचे. पुस्तकं उघडी टाकून हे डोक्याला हात लावून बसायचे.

एका दुपारी केवळाबाई खिडकीशी येऊन मला म्हणाली, "वैनी, तुमी कुरडया करता का?"

"करते की."

"मंग साहेबाला सांगा ना. चीक जास्त शिजला की तार तुटती. आन् साली कालच्या हायत. रातभर ढिगात पडल्या की आतून गरम व्हत्यात. गहू भिजवून आंबवावा लागतो, ते गव्हाचं. हे वलं फळ हाय. शिळं धरत न्हाई."

मी जेवताना ते बोलणं ह्यांना सांगितलं. हे आधी हसले, मग घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "सालीतच एक द्रव्य असतं, ते पेक्टिन खातं. गरम पाण्यातून लगेच काढलं तर ते मरतं. मी वाचलंय हे. मला सुचलं कसं नाही?"

दुसऱ्या दिवशी रस निघाला तशाच साली गरम पाण्यात गेल्या. पातेल्यावर केवळाबाईला उभं केलं. ती घड्याळ बघत नव्हती. पळीनं थेंब घ्यायची, अंगठा आणि बोट चिकटवून उघडायची आणि मध्ये तार किती टिकते ते बघायची. "बस," म्हणाली. ह्यांनी पेल्यात स्पिरिट ओतलं. पांढुरका गोळा वर आला, जेलीसारखा थरथरता. आकड्यानं उचलला तर तुटला नाही.

"धरलं," केवळाबाई म्हणाली.

तेव्हापासून पातेलं तिचंच. आणि राहिलेला चोथा, दोनदा चांगला धुऊन, उन्हात वाळवून, तिच्या शेळ्यांचा. ती अट तिनं आबासाहेबांना तोंडावर घातली होती.

दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका लिंबाखाली गोलात बसून एकमेकींचं कालवण चाखायच्या. ही माझ्या खिडकीखाली बसायची. एकच भाकरी, वर ठेचा. तिचं सगळं मला तिथं कळलं, एका दिवसात नाही, असं तुकड्या-तुकड्यांनी. वालूरकडची धनगराची बाई. जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की मेंढ्यांचा वाडा, म्हणजे माणसं, घोडी, कुत्री, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड, खाली उतरायचं. शेतात दोन-चार रात्री मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं, यांना दाणे, की पुढचं रान. एकुलती लेक भागुबाई. तिलाही दिली ती वाड्यावरच. रायभान तापानं गेला त्या वर्षी केवळाबाईचा गुडघा धरला. वाड्याच्या चालीनं चालणं होईना. जावई म्हणाला, घोडीवर बसा. तिला ते पटलं नाही.

"घोडीवर म्हातारी बसवून नेत्यात, न्हाई तर बाळंतीण. मी काय होते?"

ती परभणीला राहते म्हणाली. लेक चिडली. बाप गेला आणि तूही चाललीस, आता मी तुझ्या दारात यायची नाही, असं म्हणून वाड्यामागं निघाली.

"मी उभी होते बांधावर. ती लय सावकाश चालत व्हती. मागं बघत न्हवती, पर सावकाश चालत व्हती. एक हाक मारली असती तर फिरली असती." भाकरीचा तुकडा तिनं बोटांत मोडला. "माझा बी ताठा कमी न्हाई, वैनी."

तेव्हापासून निरोप नाही. आम्ही लेकीच्या सासरच्या गावाला दोन कार्डं टाकली. एक परत आलं, दुसऱ्याचं काही कळलं नाही. वाड्याला कुठला पत्ता. दिवाळी सरून मेंढरं रस्त्याला लागली की केवळाबाई फाटकाबाहेर जायची, कुणी धनगर दिसला की निरोप द्यायची. भागुबाईला सांगा, तुझी माय परभणीला मोसंबीच्या कारखान्यात हाय. बाकी ती कुणाशी फार बोलायची नाही. रविवारी कारखाना बंद असला तरी येऊन शेडच्या सावलीत बसायची. काम नसताना का आलात, असं मी विचारलं तर म्हणायची, "खोलीत काय हाय?"

ते वर्ष सत्त्याऐंशी. डिसेंबरातला दिवस, मोसंबीचा हंगाम जोरात चाललेला. मी खिडकीत मेथी निवडत होते. फाटकाशी एक बाई उभी दिसली, कडेवर लेकरू, डोक्यावर घोंगडीचं गाठोडं. किशनरावाशी बोलली. किशनराव म्हणजे आमचा वॉचमन, वर्षभरापूर्वी आलेला. तो नळावर हात धुणाऱ्या बायनाबाईकडं गेला, मग शेडच्या दारात जाऊन आत काहीतरी ओरडला आणि परत आला. बाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली. मी मेथी उचलून चुलीकडं वळले.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर किशनराव सहज म्हणाला, "आज एक धनगरीण आलती. म्हने वालूरची केवळाबाई इथं हाय का. मी म्हनलं, बाई, कोणा दुसऱ्या कारखान्यात बघ."

केवळाबाई फाटकातून बाहेर पडत होती. ती थांबली.

"काय सांगितलं तुमी?"

"अशी कोणी न्हाई म्हनून. का? मी बायनाबाईला बी इचारलं. आत हाक बी मारली."

बायनाबाईनं तोंडावर पदर घेतला. "माय गं! तुझं नाव केवळाबाई हाय व्हय?"

केवळाबाई खाली बसली, फाटकाच्या लोखंडी पट्टीवरच. माझ्याकडं बघून म्हणाली, "हाक ऐकली होती मी."

"मग उठला का नाही?"

"अशी हाक मला रोजच ऐकू येती, वैनी. सैपाक करताना येती, झोपताना येती. मी उठून बघती, तर कोणी नसतं. पातेलं उतू चाललं व्हतं. म्हनलं, ही बी तसलीच."

किशनराव बिचारा सारखा तोंड पुसत होता. त्याला आठवलं, वाडा पिंगळीच्या शिवारात उतरलाय असं ती बाई म्हणाली होती. केवळाबाई उठलीच. चालत निघाली असती. पण अंधार पडायला आला होता, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या आठवड्यात रोज कुठं ना कुठं मोर्चे, रास्ता रोको. एसटी दुपारपासून बंद होत्या. मीच तिचा हात धरला. म्हटलं, केवळाबाई, अंधारात कुठल्या शेतात शोधाल? सकाळच्या पॅसेंजरनं जाऊ, मी येते सोबत. एका रात्रीत कुठं जातोय वाडा?

तिनं माझ्याकडं पाहिलं. मान हलवली.

सकाळी आम्ही पिंगळीला उतरलो तेव्हा ऊन हातभर वर आलं होतं. शेत सापडायला वेळ लागला नाही. लेंड्यांनी काळं पडलेलं रान, तीन दगडांच्या चुली, आणि कुणी नाही. केवळाबाईनं एका चुलीतल्या राखेत हात घातला आणि तसाच ठेवला. शेतमालकीण सुमनबाई बांधावरून आली. म्हणाली, "आता कुठं आलाव? कोंबडं आरडायच्या आत उठलं की बिऱ्हाड. पूर्णेच्या अंगाला गेले."

वाडा उजाडायच्या आत हलतो हे मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. पुढं एकदा मी तिला विचारलं, तरी तुम्ही माझं का ऐकलंत? ती एवढंच म्हणाली, "तुमी हात धरला म्हनून." तिनं दोष दिला नाही, पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

सुमनबाईला ती बाई आठवत होती. "रातच्याला रडत व्हती. मी दूध नेऊन दिलं लेकराला. चांगली गुबगुबीत पोरगी हाय, दोनएक वर्साची. सारखी पळायची आन् ही हाका मारायची, केवळे, ए केवळे."

केवळाबाईचा राखेतला हात बाहेर आला.

"काय म्हनून हाका मारत व्हती?"

"केवळी. पोरीचं नाव."

सुमनबाई गेल्यावर मी म्हटलं, बघा, नातीला तुमचं नाव ठेवलंय. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती हात पदराला पुसत राहिली.

"वैनी, जित्या माणसाचं नाव न्हाई ठिवत आमच्यात. मेलेल्याचं ठिवत्यात."

मग कळलं मला. कुठंतरी, कुणाच्या तरी चुकीच्या निरोपानं, किंवा निरोपच न मिळाल्यानं, भागुबाईनं दोन वर्षांपूर्वीच आईला मेलेली धरलं होतं. नंतर कुणीतरी सांगितलं असावं, आहे, परभणीला आहे. म्हणून लेकरू कडेवर घेऊन ती खात्री करायला आली. आणि आमच्या फाटकानं तिला सांगितलं, अशी कोणी नाही.

"आता पक्कं झालं तिचं," केवळाबाई म्हणाली.

पूर्णेकडं जाऊ म्हणून मी हट्ट धरला. आम्ही दोन-तीन कोस चाललो. दुपारपर्यंत तिचा गुडघा असा सुजला की तिला बैलगाडीत घालून स्टेशनावर आणावं लागलं. गाडीत पूर्ण वाट ती पाठमोरी बसली, नदीकडं तोंड करून.

चार दिवसांनी ती कामावर आली. आधी माझ्या दारात. "वैनी, मला एक पाटी लिहून द्या. माझ्या नावाची. फाटकाला लावायची."

मी ह्यांच्याकडून पत्र्याचा तुकडा आणि निळा रंग आणला. लिहिलं, 'केवळाबाई रायभान, वालूरची, इथं कामाला आहे'. लिहिताना एकदम मनात आलं, म्हणून विचारलं, "पण भागुबाईला वाचता येतं का?"

"तिला कुठलं? मला बी येत न्हाई." मग जरासं हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "वॉचमनला येतंय की."

पाटी फाटकाला लागली. आबासाहेब गाडी थांबवून बघत राहिले, म्हणाले, मालकाच्या नावाची पाटी नाही आणि कामवालीची आहे. पण काढायला लावली नाही. बायका तिला केवळाबाई म्हणू लागल्या. बायनाबाईची जीभ मात्र वळायची नाही. "पेक..." म्हणून अडखळायची, आणि स्वतःच्या गालावर चापट मारून घ्यायची. मी पाहिलं, हाक मारली की केवळाबाई आता पातेलं उतू जात असलं तरी उठायची. हाक कुणी मारलेली नसली तरी उठायची. फाटकापर्यंत यायची, दोन्हीकडं बघायची, परत जायची. एक घाणा त्यात करपला. ह्यांनी दुसरा चढवायला सांगितला.

त्या वर्षांत आणि त्याआधीही आपल्याकडं विद्यापीठाच्या एका नावावरून काय काय झालं नाही. अठ्ठ्याहत्तरला घरं जळाली, माणसं गेली. नंतरही मोर्चे, बंद, लाठ्या. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, एका नावासाठी एवढं कशाला, की मला आमचं फाटक आठवायचं. नाव नसलं की जिवंत माणूस दारातल्या दारात कसं नाहीसं होतं, ते मी मेथी निवडता निवडता पाहिलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात वाडे आले, भागुबाईचा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. केवळाबाईनं भेटेल त्या धनगराला निरोप दिला, आता निरोपाचे शब्द बदलले होते. भागुबाईला सांगा, केवळाबाई जित्ती हाय, पोरीचं नाव बदल.

एक्क्याण्णवला कारखाना बंद पडला. तयार पेक्टिन बाहेरून स्वस्तात मिळायला लागलं आणि रसालाही गिऱ्हाईक उरलं नाही. पातेली भंगारात गेली. आम्ही परभणीत भाड्यानं राहायला आलो. केवळाबाई तिथंच राहिली, कुंपणामागच्या वस्तीतल्या एका खोलीत. गावात चला, माझ्या शेजारी खोली बघू, असं मी किती वेळा म्हटलं. "इथला पत्ता सांगून बसलेय मी साऱ्याला," म्हणायची. जाताना तिनं फाटकाची पाटी तेवढी मागून घेतली.

रसाच्या गाड्यांवरून ती अजूनही साली आणायची. पिवळं वेगळं करून सुकवायची, पांढरं उकळून बाटलीत भरायची. माझ्या पेरूच्या जेलीला तीच बाटली लागायची. स्पिरिट नव्हतं, पण तिला कुठं लागत होतं, अंगठा आणि बोट पुरे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. परभणीत चौकाचौकांत पोलीस उभे होते. कुठं गुलाल होता, कुठं दारं बंद. तीन-चार दिवसांनी जरा निवळलं तशी मी तिळगुळाचा डबा घेऊन तिच्याकडं गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. वस्तीत शांतता होती. तिच्या दाराला ती निळी पाटी, तारेनं बांधलेली. 'कामाला' हा शब्द तिनं कुणाकडून तरी चुन्यानं पुसून घेतला होता. आता नुसतं 'इथं आहे' राहिलं होतं. सुकत घातलेल्या सालींचा वास अंगणभर होता. शेळ्या तीन झाल्या होत्या.

चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून मी समोरच्या बाभळीला टेकून तो बघत होते. हाक मारायची अजून बाकी होती. तेवढ्यात दार उघडलं. केवळाबाई बाहेर आली, हातात ओलं फडकं, पळी. तिनं आधी पिंगळीच्या वाटेकडं पाहिलं, बराच वेळ. मग दुसरीकडं. मग मी दिसले.

"वैनी, तुमी मारली का हाक?"

मी चप्पल हातात तशीच धरली.

"हो," मी म्हटलं. "मीच मारली."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि दार माझ्यासाठी धरून उभी राहिली.